शेजारच्या घरांतील फूट आणि रशियाची कळकळ

गेल्या पंधरवड्यांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर आमच्या शाळेच्या ओट्यावर चारपांच पालक मंडळी बसली होती. बाजार, पाऊस, खताचा भाव असें बोलणें चालतां चालतां गोष्ट लढायांवर आली, आणि एका सुतार बंधूनें आंत भिंतीवर टांगलेल्या नकाशाकडे बोट करून विचारलें, "मास्तर, एवढा थोरला रशिया, आणि त्याच्या बुडाशीं हीं मूठभर माणसें. त्यांस निराळें राज्य काढून देण्याची त्याला एवढी कळकळ कां? इथें आमचा सख्खा भाऊ बांध कोरतो, तरी कोणी सोडवायला येत नाहीं."

प्रश्न नामी होता. मोठमोठीं वर्तमानपत्रें वाचणाऱ्यांना जो सुचत नाहीं, तो रंधा मारणाऱ्या माणसाला सुचला. त्या दिवशीं आम्हीं ओट्यावर जें उत्तर दिलें तेंच येथें जरा विस्तारानें देतों.

पुष्कळ वर्षांमागें, आम्ही नवे मास्तर होऊन एका गांवीं गेलों असतां, एक धाकटा भाऊ अर्ज लिहून घेण्यास आमच्याकडे आला. थोरल्यानें त्याच्यावर अन्याय केला होता यांत शंका नव्हती. मळा स्वतःकडे, माळ धाकट्याकडे, आणि विहिरीची पाळी नांवापुरती. आम्हीं अर्ज लिहून दिला आणि पुण्य केलें असें समजून त्या रात्रीं सुखानें झोंपलों. पुढें कळलें कीं, स्टँपाचा, वकिलाचा, तालुक्याच्या खेपांचा सर्व खर्च बांधाला बांध लागून असलेला एक बडा शेजारी करीत होता. दावा आठ वर्षें चालला. तोंवर थोरल्याला ना मळ्यांत सुधारणा करतां आली, ना कोठें कर्ज मिळालें; तंट्याच्या जमिनीवर कर्ज देतो कोण? धाकट्याला वाटणी मिळाली खरी, पण झालेल्या खर्चाचा हिशेब पुढ्यांत आला तेव्हां विहिरीकडचा तुकडा शेजाऱ्याच्या नांवें करून द्यावा लागला. आणि मौज ही कीं, याच शेजाऱ्याच्या सख्ख्या भावानें पूर्वीं वाटणी मागितली होती, तेव्हां त्यास यानें गडी घालून बडविलें होतें. एवढी गोष्ट ध्यानांत ठेवून आतां नकाशाकडे या.

कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस, काळ्या समुद्राच्या पूर्व कांठीं जॉर्जिया नांवाचा देश आहे. आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहूनही लहान. त्याच्या वायव्य कोपऱ्यांत समुद्राला लागून अबखाझिया हा मुलूख. पुणें जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. संत्रीं, द्राक्षें, चहा पिकविणारा आणि हवेला उत्तम. डोंगरापलीकडे रशिया. या मुलखांतील अबखाझ लोकांची भाषा निराळी, रीतभात निराळी. पण सन १९८९ च्या खानेसुमारींत तेथील सव्वापांच लाख वस्तींत हे लोक शेंकडा १८ सुद्धां नव्हते, आणि जॉर्जियन मात्र शेंकडा ४५ हून अधिक होते.

आपल्याच मुलखांत हे लोक एवढे थोडे कां झाले? एकोणिसाव्या शतकांत हा मुलूख घशांत घातला तो रशियाच्या झारनें. १८६६ चें अबखाझ लोकांचें बंड मोडल्यावर, आणि पुढें १८७७-७८ च्या तुर्की युद्धानंतर, हजारों अबखाझ कुटुंबें घरदार सोडून तुर्कस्तानांत गेलीं. आज जो पाठीराखा म्हणून मिशीला पीळ देतो आहे, त्याच्याच पूर्वजांनीं हें घर रिकामें करण्यास आरंभ केला होता. यानंतर आला स्टालिन. तो जातीनें जॉर्जियन. त्याच्या अमदानींत १९३१ सालीं अबखाझियाचा दर्जा उतरवून तो जॉर्जियाच्या पोटांत घालण्यांत आला. १९३८ सालीं अबखाझ भाषेची लिपी बदलून जॉर्जियन वळणाची केली. १९४५-४६ च्या सुमारास तर अबखाझ शाळाच बंद झाल्या आणि मुलांस जॉर्जियन भाषेंत शिकण्याची सक्ती झाली. स्टालिन मेल्यावर त्या शाळा पुन्हा उघडल्या, पण मधलीं वर्षें कोण परत देणार?

आम्ही धंद्यानें मास्तर आहों, म्हणून येथें घटकाभर थांबतों. ज्या भाषेंत आईनें पाळणा हालविला ती शाळेच्या उंबरठ्यावर ठेवून ये, असें सात वर्षांच्या पोराला सांगितलें म्हणजे त्याच्या तोंडाची काय कळा होते, तें आम्हीं पाहिलें आहे. तांड्यावरचीं, पाड्यावरचीं मुलें पहिल्या दिवशीं वर्गांत कशीं मुकीं बसतात, तें कोणत्याही खेड्यांतील मास्तरास विचारा. म्हणून अबखाझ लोकांची तक्रार खोटी होती असें आमच्याच्यानें म्हणवत नाहीं. ती खरी होती. जुलै १९८९ मध्यें सुखुमी शहरांत दंगे होऊन माणसें मेलीं, तीं सुद्धां त्बिलिसीच्या विद्यापीठाची शाखा तेथें काढण्याच्या वादावरूनच. शाळेवरून रक्त सांडतें यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

सोव्हिएत सत्ता मोडली आणि १९९१ सालीं जॉर्जिया स्वतंत्र झाला. नुकता घराचा धनी झालेल्या थोरल्यानें शहाणपणानें वागावें कीं नाहीं? पण डिसेंबर १९९० मध्येंच त्बिलिसीच्या कायदेमंडळानें दक्षिण ओसेतिया या दुसऱ्या एका लहान मुलखाची स्वायत्तता पुसून टाकली होती, आणि तेथें लढाई जुंपली होती. १४ ऑगस्ट १९९२ रोजीं जॉर्जियन फौज सुखुमींत शिरली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तेथील अबखाझ दफ्तरखाना व संशोधनाची संस्था जळून खाक झाली. ज्याचीं जमिनीचीं कागदपत्रें चावडींत जळालीं, त्याला आपण वाडवडिलांपासून येथलेच आहों हें कोणत्या तोंडानें सांगावें लागतें, तें शेतकऱ्यास समजावून देण्याची गरज नाहीं.

अशा वेळीं शेजारी धांवला. रशिया तोंडानें म्हणे, आम्ही तटस्थ आहों. दोन्ही पक्षांच्या हातांतलीं हत्यारें मात्र रशियाच्याच कोठारांतून निघालेलीं. अबखाझ पक्षाच्या ताब्यांतील गुदाउता गांवीं रशियाचा विमानतळ होता. मार्च १९९३ मध्यें जॉर्जियनांनीं सुखुमीजवळ एक विमान पाडलें, तर आंत मेलेला वैमानिक रशियन लष्कराचा निघाला. जुलैंत रशियाच्याच मध्यस्थीनें तह झाला. तहाप्रमाणें जॉर्जियानें आपल्या जड तोफा मागें नेल्या. सप्टेंबरांत अबखाझ पक्षानें तह मोडून हल्ला केला, आणि २७ सप्टेंबर १९९३ रोजीं सुखुमी पडलें. तहाचा जामीन बघत राहिला. दोन लाखांहून अधिक जॉर्जियन बायकापोरांसह पळाले. कित्येक बर्फाच्या घाटांतून चालत गेले, कित्येक वाटेंतच राहिले. ज्या अबखाझियांत ते सर्वांत मोठी वस्ती होते, तेथें त्यांचीं घरें ओस पडलीं. अन्याय सोसलेल्या माणसाच्या हातीं दुसऱ्यानें तलवार दिली म्हणजे तो न्यायच करील असें नाहीं. हें कडू आहे, पण झालें तें असें झालें.

आणि शेजाऱ्याला काय मिळालें? जॉर्जिया रशियाच्या कच्छपीं लागण्यास तयार नव्हता. रशियानें जमविलेल्या राष्ट्रकुलांत तो शिरत नव्हता आणि रशियन फौजांनीं निघून जावें असें म्हणत होता. सुखुमी पडतांच त्याच हिंवाळ्यांत तो राष्ट्रकुलांत आला आणि रशियन लष्करी तळ देशांत राहूं देण्यास कबूल झाला. पुढील वर्षीं अबखाझियाच्या हद्दीवर 'शांतता राखण्यासाठीं' रशियाचे शिपाई येऊन बसले. आग लागली त्या रात्रीं घागर विकणाराच सकाळीं राखणदार नेमला गेला.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही फार संशयी. खरोखर दुबळ्याची दया येऊन रशियानें मदत केली नसेल कशावरून? तर त्याचा पडताळा त्याच्याच घरांत आहे. त्याच कॉकेशस पर्वतांत, रशियाच्या हद्दींत, चेचेन लोक राहतात. त्यांसही झारनें जिंकलें. स्टालिननें तर १९४४ सालीं सबंध जमात गाड्यांत कोंबून मध्य आशियांत हांकून दिली. त्यांनीं १९९१ सालीं स्वातंत्र्य पुकारलें, तेव्हां रशियानें काय केलें? डिसेंबर १९९४ मध्यें फौज पाठविली आणि ग्रोझ्नी शहराची माती केली. १९९९ सालीं पुन्हा तेंच केलें. डोंगराच्या दक्षिणेस वाटणी मागणारा तो पीडित बंधू, आणि उत्तरेस वाटणी मागणारा तो दरोडेखोर!

यांत आणखी एक चमत्कार आहे. अबखाझ लोकांच्या बाजूनें लढण्यास जे स्वयंसेवक डोंगरापलीकडून गेले, त्यांत शामिल बसायेव नांवाचा चेचेन होता. तेव्हां रशियानें त्याकडे कानाडोळा केला. तोच बसायेव जून १९९५ मध्यें रशियाच्या बुद्योनोव्स्क गांवीं शिरला, इस्पितळांत हजाराहून अधिक माणसें ओलीस धरून बसला, आणि शंभरावर लोक प्राणांस मुकले. मग चेचेन लढाई चालू असतां रशियाला जॉर्जियाची गरज लागली. लगेच जानेवारी १९९६ मध्यें राष्ट्रकुलानें अबखाझियाचीच नाकेबंदी केली, रशिया तींत पुढें! ज्यांची दया येत होती त्यांचाच व्यापार बंद. ही कळकळ नव्हे, हा चुलीचा जाळ आहे. हवा तेव्हां लांकूड आंत सारावें, नको तेव्हां मागें ओढावें.

तेव्हां हेतु काय? अबखाझियाला सुखी करणें हा नव्हे, किंवा लगेच गिळणें हाही नव्हे. हेतु जॉर्जियाचा दावा कोर्टांत लोंबकळत ठेवण्याचा. ज्याच्या हद्दीचा तंटा मिटला नाहीं त्यास दुसरा कोणी आपल्या पंक्तीस घेत नाहीं. त्याचें भांडण गळ्यांत कोण बांधून घेणार? अमेरिका व युरोपांतील राष्ट्रांची 'नाटो' नांवाची लष्करी जूट आहे. तिनें एप्रिल २००८ मध्यें बुखारेस्टच्या सभेंत जाहीर केलें कीं, जॉर्जिया व युक्रेन हे पुढें केव्हां तरी आमच्यांत येतील. केव्हां, तें सांगितलें नाहीं. म्हणजे राग ओढवून दिला आणि आधार दिला नाहीं! रशियानें २००२ पासून अबखाझ व ओसेतियन लोकांस आपले पासपोर्ट वाटण्याचा सपाटा लावलाच होता. शेजारच्या घरांतील माणसांस आपल्या शिधापत्रिकेवर घ्यावें, आणि मग 'आमच्या माणसांस हात लावाल तर खबरदार' म्हणून अंगणांत उतरावें, अशी ती युक्ति. ऑगस्ट २००८ च्या ७ तारखेच्या रात्रीं जॉर्जियाच्या अध्यक्षानें उतावीळपणें दक्षिण ओसेतियाच्या मुख्य गांवावर तोफा डागल्या, आणि रशियाला हवें होतें तें निमित्त मिळालें. पांच दिवसांत रशियन रणगाडे जॉर्जियाच्या पोटांत शिरले. २६ ऑगस्टला रशियानें दोन्ही मुलखांस स्वतंत्र राष्ट्रें म्हणून मान्यता दिली. युरोपनें नेमलेल्या चौकशी मंडळानें पुढल्या वर्षीं सांगितलें कीं, आरंभ जॉर्जियाचा, पण रशियानें बचावाची मर्यादा सोडली. आम्हांस तें बरोबर वाटतें.

पश्चिमेकडील राष्ट्रें या बाबतींत सोंवळीं आहेत असें मात्र कोणी समजूं नये. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत कोसोव्हो सर्बियापासून फुटला, तेव्हां अमेरिकेनें दुसऱ्याच दिवशीं मान्यता दिली. रशिया म्हणाला, हें पाप आहे. सहा महिन्यांनीं अबखाझियाच्या वेळीं रशिया म्हणाला, हें पुण्य आहे, आणि अमेरिका म्हणाली, पाप. श्लोक एकच, फक्त म्हणणारे बदलले.

आणि आमचें स्वतःचें घर? १९८३ सालीं श्रीलंकेंत तमिळ लोकांची भयंकर कत्तल झाली. त्यांची तक्रार खरी होती, तमिळनाडूंतील लोकांचा कळवळाही खरा होता. पण दिल्लीच्या सरकारनें तमिळ तरुणांस भारतांत गुप्तपणें हत्यारें चालविण्याचें शिक्षण दिलें, तें केवळ कळवळ्यानें काय? १९८७ च्या कराराबरोबर जीं पत्रें दोन्ही सरकारांनीं एकमेकांस दिलीं, त्यांत त्रिंकोमाली बंदर भारताच्या हिताला बाध येईल अशा रीतीनें दुसऱ्या कोणास लष्करी कामास देऊं नये, असें कलम आहे. बंदर डोळ्यांपुढें होतें. पुढें त्यांच पोरांशीं आमच्या फौजेला लढावें लागलें; १९९० पर्यंत अकराशेहून अधिक भारतीय जवान तेथें पडले. २१ मे १९९१ रोजीं श्रीपेरुंबुदूर येथें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. मेलेले जवान कोणाच्या घरचे होते? आमच्या तुमच्यासारख्यांच्याच. म्हणून रशियाला नांवें ठेवतांना आम्ही खालच्या मानेनें ठेवतों.

आतां धाकट्या भावाला काय मिळालें तें पहा. दक्षिण ओसेतियाच्या हद्दीवर रशियन पहारेकऱ्यांनीं कांटेरी तारा ओढल्या आहेत. कोणाचें घर अलीकडे आणि शेत पलीकडे. कोणाचें कुरण गेलें, कोणाच्या पाटाचें पाणी तुटलें. गुरें वळावयास गेलेला शेतकरी पलीकडे सांपडला कीं, तारेपलीकडील कोठडींत! अबखाझियांत रशियाला ४९ वर्षांच्या करारानें लष्करी तळ मिळाला. ओचामचिरा येथें आरमाराचा तळ होणार असें २०२३ सालीं जाहीर झालें. बिचविंता येथील समुद्रकांठची सोव्हिएत काळची सरकारी बागाईत व बंगले, सुमारें १८६ हेक्टर, तीही रशियाच्या हवालीं करण्याचा करार त्याच वर्षाअखेर तेथील लोकसभेकडून मंजूर करून घेतला. मंजुरीला विरोध पुष्कळ झाला, पण झाली.

विहिरीकडचा तुकडा अजून राहिला होता. परकीयानें, मग तो रशियन असो, अबखाझियांत घर वा जमीन मालकीनें घेऊं नये असा तेथील कायदा आहे. त्या मूठभर लोकांचा जीव त्या कायद्यांत आहे. मॉस्कोच्या धनवानांनीं एक थंडीचा मोसम मनावर घेतला तर सबंध किनारा विकत घेतील, हें त्यांस दिसतें. रशियाचा नेट मात्र तो कायदा सैल करण्यावर. १ सप्टेंबर २०२४ पासून रशियाकडून येणारा पैसा आंखडला. त्यांत शिक्षक, डॉक्टर यांच्या पगारांत पडणारी भर होती. (मास्तरांचा पगार प्रथम थांबतो, हा नियम काळ्या समुद्रावरही आहे म्हणावयाचा.) ऑक्टोबरांत रशियन भांडवलवाल्यांस सवलती देणारा करार मॉस्कोंत झाला. १५ नोव्हेंबरास तो मंजुरीसाठीं येणार, तों लोकांनीं ट्रक लावून सुखुमीच्या लोकसभेचें कुंपण उपटलें आणि आंत शिरले. चार दिवसांत अध्यक्ष बझानिया यांस राजीनामा द्यावा लागला, आणि डिसेंबरांत लोकसभेनें करार फेंटाळला. ज्यांनीं रशियाच्या बळावर जॉर्जियापासून सुटका करून घेतली, त्यांनाच रशियापासून जमीन राखण्यासाठीं रस्त्यावर यावें लागलें. त्या हिंवाळ्यांत वीज अपुरी, शाळा बंद, घरांत अंधार. मग मार्च २०२५ मध्यें मॉस्कोच्या पसंतीचा नवा अध्यक्ष निवडून आला. पुढें काय होतें तें कायद्याच्या पुस्तकांत पहावें.

युक्रेनमधील दोनेत्स्क व लुहान्स्क येथील धाकट्यांस तर एवढेंही मिळालें नाहीं. २०१४ सालीं रशियानें त्यांस हत्यारें देऊन उभें केलें, २१ फेब्रुवारी २०२२ रोजीं स्वतंत्र राष्ट्रें म्हणून मान्यता दिली, आणि ३० सप्टेंबरास गिळून टाकलें. सात महिन्यांचें राष्ट्र! तेथील खाणमजूर मात्र आघाडीवर पुढें ढकलले गेले.

अबखाझियाच्या सरहद्दीवर एंगुरी नदीवर मोठें धरण आहे. धरणाची भिंत जॉर्जियाच्या हद्दींत आणि वीज काढण्याचें घर अबखाझियाच्या हद्दींत. एकानें पाणी अडविलें तर दुसऱ्याचीं यंत्रें बंद, दुसऱ्यानें यंत्रें बंद केलीं तर पहिल्याला अंधार. म्हणून ठरावीक हिश्शानें वीज वांटून घेण्याची रीत त्यांनीं पाडली, आणि ती लढाया, तारा, शिव्याशाप या सर्वांतून आज तीस वर्षें चालली आहे. दोघां भावांस सामाईक विहिरीवर पाळी ठरवितां आली ती अशी. त्या वेळीं मध्यस्थ नसला तरी चाललें.

त्या धरणाच्या खालच्या अंगास, अबखाझियाच्या बाजूस, गाली तालुका आहे. पळालेल्या जॉर्जियनांपैकीं कांहीं हजार कुटुंबें तेथें परत येऊन मोडक्या घरांत राहिलीं आहेत. त्यांच्या कांहीं शाळांत अजून जॉर्जियन भाषेंत शिकवीत असत. २०१५ पासून तें बंद होत गेलें. ज्यांच्या शाळा एके काळीं बंद झाल्या होत्या, त्यांनीं हें केलें. आणि आतां त्या मुलांस कोणत्या भाषेंत शिकवितात? अबखाझ भाषेंत नव्हे. रशियन भाषेंत.